राजा नसलेलं तीर्थ : वेलंकणीच्या तीन कथा

वसईला आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहणाऱ्या मावशी दरवर्षी ऑगस्ट संपत आला की एक पिशवी भरायला घेत. दोन लुगडी, मेणबत्त्यांचा पुडा, चांदीच्या पातळ पत्र्याचा एखादा हात किंवा पाय, कोणी शेजाऱ्याने दिलेलं पाकीट. मुंबईहून त्या दिवसांत सुटणाऱ्या जादा गाडीने त्या वेलंकणीला जात. परतल्या की आम्हां पोरांच्या हातावर खाऊ ठेवत आणि आईला बाटलीतलं तळ्याचं पाणी देत. आमच्या घरी ते पाणी देवघरातल्या गंगेच्या गडूशेजारी ठेवलं जाई. त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

मी पुढे टपाल खात्यात लागलो. संध्याकाळच्या वर्गांत मोडी शिकलो आणि तंजावरच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या नादी लागलो. पदवी वाणिज्याची, इतिहासाचा कोणी गुरू नाही. जे काही आलं ते ग्रंथालयांतून, जुन्या गॅझेटियरांतून आणि चुका करत. त्यातली एक चूक इथे सांगायला हवी, कारण हा लेख तिच्यातूनच निघाला. काही वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी तंजावरच्या किनाऱ्यावर एक टिपण लिहिलं. वेलंकणीचा त्यात एका वाक्यात निकाल लावला होता : ‘या स्थानाच्या उत्पत्तीविषयी दंतकथांखेरीज काही नाही.’ मावशींनी तो अंक वाचला. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुझ्या कागदांत नाही, म्हणजे ते घडलंच नाही का रे?”

मला उत्तर देता आलं नाही. वाक्य चूक होतं असं नव्हे. ‘दंतकथांखेरीज काही नाही’ असं लिहिताना त्या कथा मी नीट वाचल्याच नव्हत्या, हे मला त्या प्रश्नाने कळलं.

गाव आणि तीन जागा

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नागपट्टणम हे जुनं बंदर. त्याच्या दक्षिणेला दहाबारा किलोमीटरवर वेलंकणी हे गाव. तमिळ उच्चार ‘वेळांगण्णी’ असा काहीसा होतो. पूर्वेला बंगालचा उपसागर, जवळच वेळ्ळैयार नदीचं मुख, वाळू, नारळ आणि थोडी शेती. या गावातल्या पांढऱ्या शिखरांच्या, लाल कौलांच्या चर्चमध्ये आरोग्य मातेची मूर्ती आहे. कडेवर बाळ येशू, अंगावर साडी. २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिनी, उत्सव पुरा होतो. त्या दिवसांत लाखो माणसं येतात. कित्येक भगवी वस्त्रं घालून, अनवाणी, चेन्नईपासून चालत येतात. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला त्या पावलांची ओळख करून द्यावी लागत नाही.

गावात तीन जागा आहेत आणि प्रत्येक जागेची एक कथा आहे.

पहिली जागा तळ्याची, ‘माता कुळम’. एक गुराखी मुलगा मालकाच्या घरी दूध पोचवायला नागपट्टणमला निघाला होता. दुपारची वेळ. तळ्याकाठी वडाच्या सावलीत तो पडला. बाळ घेतलेली एक तेजस्वी बाई समोर आली आणि तिने बाळासाठी दूध मागितलं. मुलाने दिलं. मालकाकडे पोचल्यावर उशिराबद्दल आणि कमी भरलेल्या दुधाबद्दल तो गयावया करू लागला. झाकण काढलं तर भांडं काठोकाठ भरून उतू जात होतं. मालक हिंदू होता. तो मुलाबरोबर तळ्यापाशी आला आणि तिथे पुन्हा दर्शन घडलं, असं सांगतात.

दुसरी जागा ‘नडुतिट्टू’, म्हणजे मधला उंचवटा. एका विधवेचा लंगडा मुलगा तिथे वडाखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना ताक विकायचा. एका दुपारी बाळ घेतलेल्या बाईने त्याच्याकडे ताक मागितलं. त्याने दिलं. ती म्हणाली, नागपट्टणमला जा आणि तिथल्या अमुक श्रीमंत कॅथलिक गृहस्थाला सांग की माझ्यासाठी इथे देऊळ बांध. मुलगा उठला आणि निघाला. आपण धावतो आहोत हे त्याला धावताना कळलं. त्या गृहस्थालाही आदल्या रात्री तसंच स्वप्न पडलं होतं. उंचवट्यावर गवताने शाकारलेलं छोटं देऊळ उभं राहिलं.

तिसरी जागा किनाऱ्याची, जिथे आजचं चर्च आहे. मकावहून सिलोनकडे निघालेलं पोर्तुगीज व्यापाऱ्यांचं जहाज वादळात सापडलं. खलाशांनी मारियेला नवस केला : जिथे जमीन लागेल तिथे तुझं देऊळ बांधू. जहाज वेलंकणीच्या किनाऱ्याला लागलं. तो दिवस ८ सप्टेंबर होता. कोळ्यांनी त्यांना गवताच्या देवळाकडे नेलं आणि खलाशांनी त्याजागी पक्कं देऊळ बांधलं. पुढच्या सफरींत त्यांनी आणलेल्या चिनी मातीच्या, बायबलमधली चित्रं असलेल्या तबकड्या आजही वेदीवर दाखवतात.

परंपरा पहिल्या दोन घटना सोळाव्या शतकात ठेवते आणि तिसरी सतराव्या. त्या वेळी लिहिलेला, त्या घटना सांगणारा कागद समोर नाही. मग या कथांचं संशोधकाने काय करायचं?

दुधाची वाट

मी पहिलं काम केलं ते नकाशाचं. टपालात काम करणाऱ्याला पत्ता आधी दिसतो, मजकूर नंतर. तिन्ही कथांतले पत्ते एका कागदावर काढले. दूध वेलंकणीहून नागपट्टणमला जातं. ताक वाटसरूंना विकलं जातं, म्हणजे गावावरून वाहती वाट आहे. देऊळ बांधायला लागणारा पैसा नागपट्टणमला आहे. जहाज मकाव ते सिलोन या मार्गावरचं आहे. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी उरतं ते एका गावाचं चोख वर्णन : मोठ्या बंदराला दूध पुरवणारं, बंदराच्या पैशावर अवलंबून असलेलं, समुद्राच्या रहदारीच्या काठावरचं खेडं. एवढं वर्णन कुठल्याही महसुली कागदात मला मिळालं नसतं.

त्या बंदराचा पसारा केवढा होता ते पाहायला हवं. अकराव्या शतकाच्या आरंभी राजराज चोळाच्या काळात श्रीविजयच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाकडच्या राजाने नागपट्टणमला चूडामणि विहार हा बौद्ध विहार उभारला. चोळ राजाने त्याला गाव तोडून दिलं. तो ताम्रपट पुढे हॉलंडमध्ये लायडेनला पोचला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी इथे वस्ती करून राहिले आणि फ्रान्सिस्कन पाद्री आले. १६५८मध्ये डचांनी पोर्तुगिजांकडून नागपट्टणम घेतलं. डच प्रॉटेस्टंट. बंदरातल्या कॅथलिकांचा आधार गेला आणि फ्रान्सिस्कनांचं लक्ष डचांच्या तटाबाहेरच्या वेलंकणीकडे वळलं. बंदरात जे मोठं होतं ते आटलं आणि दूध पुरवणारं खेडं वाढू लागलं. वेलंकणीच्या उत्कर्षाचं एक कारण इथे आहे, असं मला वाटतं. देवस्थानं पुष्कळदा सत्तेच्या ऐन चौकात वाढण्याऐवजी सत्तेचा हात सैल पडतो अशा कडेला वाढतात.

या किनाऱ्याचा इतिहास सगळाच सलोख्याचा होता, असं मात्र कोणी समजू नये. चूडामणि विहाराच्या परिसरातला उरलासुरला विटांचा मनोरा १८६७मध्ये जेझुइट पाद्रींनी ब्रिटिश सरकारच्या परवानगीने पाडला. त्या जागेतून बुद्धाच्या कांस्यमूर्ती निघत राहिल्या. त्या आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. एका धर्माच्या भक्तीची गोष्ट सांगताना दुसऱ्याच्या पडलेल्या भिंती वगळल्या तर ती गोष्ट अर्धी राहते.

तंजावरचे भोसले आणि हा किनारा

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतलं. तिथपासून १७९९मध्ये दुसऱ्या सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली करेपर्यंत वेलंकणीची भूमी भोसल्यांच्या राज्यात होती. मधली दोनतीन वर्षं अर्काटच्या नबाबाच्या ताब्यात गेली, तेवढी सोडून. स्वतंत्र धर्मग्राम होण्यापर्यंतचा पुढचा प्रवास मराठी राजवटीत झाला.

हे लक्षात आलं तेव्हा मी उत्साहात होतो. आता एखादी सनद सापडेल, एखादं इनाम सापडेल, मोडीतली एखादी ओळ सापडेल आणि मावशींना मी कागद दाखवीन, असा मनसुबा होता. मला हाती लागलं ते वेगळंच.

नागपट्टणमच्या उत्तरेला नागोर आहे. तिथे शाहुल हमीद या सूफी संताचा दर्गा आहे. त्याचा सर्वांत उंच मनोरा, १३१ फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी बांधवला. हे मराठे राजे १७३९ ते १७६३ गादीवर होते. पुढे सरफोजी राजांनी आपले शिक्षक आणि पाठीराखे, जर्मन प्रॉटेस्टंट मिशनरी श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमधल्या फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. म्हणजे दर्ग्याला राजा भेटतो, प्रॉटेस्टंट चर्चला राजा भेटतो. बृहदीश्वराच्या भिंतीवर तर १८०३मध्ये सरफोजींनी भोसले घराण्याचा अख्खा इतिहासच मराठीत कोरून ठेवला आहे.

वेलंकणीच्या मूळ कथांत मात्र राजा कुठेच नाही. गुराखी आहे, विधवेचा लंगडा मुलगा आहे, भेदरलेले खलाशी आहेत, वाट दाखवणारे कोळी आहेत. आपल्याकडच्या स्थळपुराणांत पाहा : कुठल्याशा राजाला दृष्टांत होतो, तो रान साफ करवतो, गाभारा बांधतो, गावं तोडून देतो. इथे दृष्टांत ज्यांना होतो त्यांच्या अंगावर पुरतं वस्त्र नसेल. ज्या श्रीमंताला स्वप्न पडतं त्याचं तर नावही कथेने धड जपलेलं नाही. सनद शोधणारा मी चुकीच्या दाराशी उभा होतो. ज्या तीर्थाला राजाने काही दिल्याची आठवण तीर्थ स्वतःच सांगत नाही, त्याच्यासाठी राजाचं दप्तर कितीसं उपयोगी पडणार?

१७७१ हे वर्ष मला यासाठी बोलकं वाटतं. त्या वर्षी वेलंकणीला स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जा मिळाला. तोवर तिथला कारभार नागपट्टणमहून चाले. त्याच वर्षी तुळजाजी राजांच्या तंजावरला नबाब आणि कंपनी यांच्या फौजांचा वेढा पडला होता. दोनच वर्षांनी राजधानी पडली आणि राजे कैदेत गेले. राज्य कोसळत होतं आणि त्याच राज्याच्या किनाऱ्यावर एक गाव आपल्या देवळाची घडी बसवत होतं. राजांच्या कालक्रमात गावांचे दिवस मावत नाहीत, हे मला या एका सनावळीने शिकवलं.

आरोग्य या शब्दाची सफर

मराठी माणसाला ‘आरोग्य माता’ हे नाव समजावून द्यावं लागत नाही. तमिळमध्ये ते ‘आरोक्किय माता’ होतं. पण त्या शब्दाची बी लांबून आली आहे. पोर्तुगीज ‘नोसा सेन्योरा दा साउदे’, म्हणजे आरोग्याची माउली, हे त्याचं मूळ. १५६९च्या प्लेगने लिस्बन होरपळून निघालं. साथ ओसरल्यावर १५७०मध्ये तिथे या नावाने पहिली मिरवणूक निघाली. पोर्तुगीज जहाजं जिथे गेली तिथे हे नाव पोचलं. गोव्यात कुंकळ्ळीचं चर्च याच साउद सायबिणीचं आहे. जहाजावर रक्तपिती, बंदरात पटकी आणि हिवताप, असं आयुष्य असलेल्या माणसांनी आरोग्याची माउली बरोबर नेली यात नवल नाही.

पण वेलंकणीत हे नाव ज्या कथांवर बसलं त्या किनाऱ्याच्याच आहेत. गाय विशिष्ट जागी आपोआप पान्हा सोडते आणि तिथे स्वयंभू लिंग सापडतं, ही कथा तमिळ देशात आणि महाराष्ट्रात किती क्षेत्रांची म्हणून सांगावी! दूध, तळं, वड आणि दर्शन हे सगळे शब्द या भूमीच्या जुन्या भाषेतले आहेत. दक्षिणेतल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती भक्तिपरंपरांचा अभ्यास करणाऱ्या सुझन बेली यांनी १९८९च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवलं आहे : इथले संत, पीर आणि देवी शक्तीची एकच बोली बोलतात.

मला मात्र दुधाची कथा वाचताना आई श्रावणी सोमवारी वाचायची ती खुलभर दुधाची कहाणी आठवली. राजा हुकूम सोडतो की गावातलं सगळं दूध गाभाऱ्यात ओता. सगळ्यांनी पोराबाळांचं, वासरांचं तोंडचं दूध ओतलं तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी आधी मुलांना, वासरांना पाजते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन येते. तेवढ्याने गाभारा भरतो. वेलंकणीच्या गुराख्याचं दूध मालकाचं आहे. त्यातलं एक भांडं भुकेल्या बाळाला देणं हा त्याच्यापुरता गुन्हाच आहे. मार बसेल, काम जाईल. तरी तो देतो. या दोन कथांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध आहे असं मी म्हणत नाही. दोन्ही कथांत हिशेब एकच आहे : लेकराच्या तोंडचं काढून देवाचं किंवा मालकाचं भांडं भरत नाही, आणि लेकराला पाजून ते रिकामं राहत नाही. असा हिशेब मांडायला राजाचा कारकून लागत नाही. दूध मोजून देणाऱ्या माणसांनीच तो मांडलेला असतो.

आरोग्य या शब्दाचा आणखी एक धागा तंजावरात सापडतो. सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था उभारली. तिथे औषधांची सिद्धता होई, देशी आणि युरोपीय वैद्यकाचा अभ्यास चाले. नेत्ररोग्यांच्या नोंदी, रोग्याच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. त्या चित्रांतले डोळे पाहताना मला वेलंकणीच्या नवसांच्या संग्रहालयातले चांदीचे डोळे आठवले. तिथे काचेमागे पत्र्याचे हात, पाय, डोळे, हृदयं आणि पाळणे मांडून ठेवले आहेत. सोबत बरं झालेल्यांची पत्रंही आहेत. एकाच राज्यात राजाचा महाल रोग्याची नोंद ठेवत होता आणि किनाऱ्यावरच्या देवळात रोगी आपली नोंद स्वतः ठेवत होता. इतिहासाला दोन्ही नोंदी हव्यात. मी इतकी वर्षं पहिलीलाच कागद म्हणत होतो.

गाडी, बिशप आणि बॅसिलिका

गावाच्या देवळाचं देशाचं तीर्थ कसं झालं, याचं उत्तर बरंचसं रुळांवर आहे. १८६१-६२मध्ये नागपट्टणमहून तंजावरमार्गे तिरुचिरापल्लीपर्यंत रेल्वे सुरू झाली. ज्या वाटेने गुराखी दूध नेत होता तिच्या टोकाशी आता भरभरून माणसं उतरू लागली. गेल्या शतकात देऊळ वाढत गेलं, बाजूचे पंख बांधले गेले. धर्मकारभार दीर्घकाळ पोर्तुगीज पाद्रोआदोखालच्या मैलापूरकडे होता. १९५२मध्ये तंजावरचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि वेलंकणी त्यात आली. ३ नोव्हेंबर १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी या चर्चला बॅसिलिकेचा मान दिला. सत्तरीच्या दशकात मागच्या बाजूला दुमजली विस्तार झाला, तो फ्रान्समधल्या लूर्दच्या चर्चच्या धर्तीवर.

वेलंकणीला ‘पूर्वेचं लूर्द’ हे बिरुद रूढ आहे. मला ते फारसं आवडत नाही. लूर्दला मारियेचं दर्शन १८५८मध्ये झाल्याचं मानतात. वेलंकणी तोवर कित्येक पिढ्या जुनी झाली होती आणि तिचा धर्मग्राम होऊन ८७ वर्षं उलटली होती. शिवाय लूर्दला चर्चने चौकशी बसवली, साक्षी घेतल्या, निर्णय दिला. वेलंकणीला तसं घडलं नाही. इथे आधी माणसं आली, त्यांच्या मागून पाद्री आले, आणि सर्वांत शेवटी पोपचा मान आला. बिरुद उलट्या क्रमाने वाचायला लावतं.

आज तिथे येणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमानही पुष्कळ असतात. मुंडण होतं, कान टोचले जातात, पाळणे बांधले जातात, नारळाची रोपं वाहिली जातात. चर्चपासून तळ्यापर्यंतच्या वाळूच्या वाटेवर माणसं गुडघ्यांवर चालत जातात. ती वाट म्हणजे तिसऱ्या कथेकडून पहिल्या कथेकडे उलट जाणारा रस्ता आहे : किनाऱ्यावरून उंचवट्याकडे, उंचवट्यावरून तळ्याकडे. ज्यांना कथा वाचता येत नाहीत ते त्या अशा गुडघ्यांनी वाचतात.

२६ डिसेंबर

इथपर्यंतचं सगळं मावशींना सांगता आलं असतं. पुढचं सांगणं अवघड आहे.

२६ डिसेंबर २००४, रविवार. नाताळचा दुसरा दिवस. वेलंकणीत यात्रेकरूंची गर्दी होती आणि सकाळच्या उन्हात कित्येक जण किनाऱ्यावर होते. नऊच्या सुमारास पाणी आलं. त्या दिवशी एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. वेलंकणीत शेकड्यांनी गेली. त्यांत गावची होती तशी लांबून नवस फेडायला आलेलीही होती. ओळख न पटलेल्यांना तिथेच सामुदायिक पुरलं गेलं. चर्चमध्ये पाणी शिरलं नाही, याला भाविक चमत्कार म्हणतात.

मावशींची धाकटी बहीण त्या नाताळात तिकडे गेली होती. ती परत आली नाही.

मी मनाशी ठरवलं होतं की आता मावशी जाणार नाहीत. पुढच्या ऑगस्टात त्यांनी पिशवी भरायला घेतली. मला राहवलं नाही. विचारलं, “मावशी, देऊळ वाचलं आणि माणसं गेली. तरी तुम्ही जाता?” त्या बराच वेळ लुगड्याची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, “देऊळ वाचलं ते मी कोणाला सांगत नाही. माझी बहीण तिथल्या मातीत आहे. तिच्याकडे जायला मला दुसरी वाट आहे का?”

२०११च्या सप्टेंबरात मी त्यांच्याबरोबर गेलो. नागपट्टणमला उतरून बसने गावात शिरलो. मावशींचे गुडघे तोवर गेले होते. वाळूच्या वाटेवर त्या काठी टेकत चालल्या. गुडघ्यांवर चालणारी तरुण मंडळी त्यांना वाट देत होती. आधी त्या सामुदायिक दफनाच्या जागी गेल्या. मेणबत्ती लावली, वाऱ्याने विझली, पुन्हा लावली. मग तळ्यावर. पेल्याने पाणी घेतलं. तिथे एक बाई कडेवरच्या मुलाला झोपवत होती. मावशींनी आधी तिच्या मुलाच्या कपाळाला पाणी लावलं, मग स्वतःच्या.

चर्चमध्ये मी मागे उभा राहिलो. वेदीवरच्या चिनी मातीच्या तबकड्या बघत होतो. खलाशी वादळातून वाचले म्हणून त्या तिथे आहेत. जे वाचले नाहीत त्यांच्या तबकड्या कुठेच नसतात. तिसऱ्या कथेबद्दल इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं : समुद्रातून वाचलेल्यांनी बांधलेल्या त्या देवळाच्या पायाखाली तेव्हाही समुद्र होताच. आरोग्याच्या माउलीकडे माणसं येतात ती सगळी बरी होतात म्हणून येत नाहीत. तसं असतं तर २००५च्या सप्टेंबरात तिथे शुकशुकाट असता. दूध कमी पडलेलं, पाय गेलेला, जहाज फुटत आलेलं, अशा तीन अडचणींतून त्या जागेची गोष्ट सुरू होते. अडचणीत असलेल्या माणसाला तिथे आपण परके वाटत नाही. नवस फळला नाही तरी ही ओळख उरते.

माझ्या त्या जुन्या टिपणातलं वाक्य मी आता असं लिहीन : या स्थानाच्या उत्पत्तीविषयी राजाचा कागद नाही, दूध वाहणाऱ्यांनी, ताक विकणाऱ्यांनी आणि जहाजावरच्या माणसांनी सांगितलेल्या तीन कथा आहेत, आणि त्या तळं, उंचवटा आणि किनारा या तीन जागी आजही वाचता येतात. गुराख्याचं भांडं खरोखर भरलं का, याचा निवाडा माझ्या कक्षेत येत नाही. मुलाने बाळाला दूध दिलं, ही गोष्ट शेकडो वर्षं सांगावीशी वाटणारी माणसं त्या गावात होती, हे मात्र इतिहासाचं सत्य आहे आणि ते मी सहीनिशी लिहून देतो.

मावशी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. त्या वर्षीची पिशवी भरलेली होती. त्यांच्या लेकीने ती माझ्याकडे आणून दिली, म्हणाली, “तुम्ही जाल तेव्हा न्या.” आत दोन लुगडी होती, मेणबत्त्यांचा पुडा होता आणि चांदीच्या पत्र्याचा एक पाय. कोणाचा नवस होता ते तिला माहीत नव्हतं. मी तो पाय तळ्यापलीकडच्या उंचवट्यावर, ताकवाल्या मुलाच्या जागी ठेवून आलो.